पाखडलेला चिखल

चिखलात काही नाही असं मी माझ्या हाताने लिहिलं आणि खाली सही केली. नऊ मे, दोन हजार एक. त्या सहीचा अर्थ मला चार दिवसांनी कोंबड्यांनी सांगितला.

सुदर्शन सर मूळचे जव्हारचे. शेतकऱ्याचं घर, पण दोन पिढ्या शिकलेल्या. सर खाली शहरात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीत बाहेरची कामं घ्यायचे. दक्षिण कोकणात एका कंपनीला धक्का बांधायचा होता. बोटी आत याव्यात म्हणून समुद्राचा तळ उकरायचा, आणि उकरलेला गाळ जवळच कुठेतरी नेऊन टाकायचा. तिथे पाण्याखाली प्रवाळ होतं. म्हणून सरकारने विचारलं, तळात कुठे काय जगतं ते आधी सांगा. ते सांगायचं काम सरांकडे आलं.

मी सरांचा हरकाम्या. सूर्यमाळचा, बारावीला गणितात आपटलेला. सरांनी मला रजिस्टर भरायला शिकवलं, भिंगातून बघायला शिकवलं, आणि बोटीत माझ्यासाठी जागा ठेवली. हे उपकार मी नाकारत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते उपकार आठवूनच लिहितो आहे.

फेब्रुवारीत आम्ही आठ दिवस बोटीवर होतो. दोरीला बांधलेला एक लोखंडी जबडा खाली सोडायचा. तो तळाचा घास घेऊन वर यायचा, की घास पिशवीत भरायचा. प्रवाळाच्या पायथ्याशी भरड, पांढरी वाळू लागायची, हातात घेतली तर टोचायची. थोडं पुढे गेलं की मैद्यासारखी बारीक वाळू. आणि खाडीच्या तोंडाशी काळा चिखल, वास असा की बोटवालासुद्धा तोंड फिरवायचा. तिन्ही तळांवर चार-चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणच्या दोन पिशव्या. एक वेचायची, एक राखीव. सर म्हणायचे, "जगन, समुद्राचा तळ म्हणजे एक गाव नाही. वाळूत राहणारा शिंपला चिखलात जगत नाही आणि चिखलातला वाळूत. तळ बदलला की वस्ती बदलते. आपल्याला वस्त्या मोजायच्या आहेत."

ओहोटीला त्या काळ्या चिखलात बायका उतरायच्या. त्यातली एक चंद्रकला. साठीची, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कोयता. तिने मला उकडलेले शिंपले दिले आणि विचारलं, "तू खंयचो रे झिला?" मी म्हटलं, डोंगरातला, आमच्याकडे समुद्र नाही. ती हसली. "मग खा. पावसात होडये बंद आसतत, तेवा ह्याच चिखलातला आमका गावता. दुसरा काय नाय." मी बारा शिंपले खाल्ले. ते मोजले होते, कारण तेव्हा मला सगळंच मोजायची सवय लागली होती.

पिशव्या जव्हारला आणल्या. शहरात सरांचे विद्यार्थी होते, पण एक पिशवी वेचायला त्यांना आठवडा लागायचा आणि डोळे दुखतात म्हणून ते सुट्टी घ्यायचे. सर म्हणाले, "नागलीतला खडा शोधणाऱ्या बायका बघ." मी तीन शोधल्या. दाभोशाची राही, आणि जव्हारच्या कडेच्या पाड्यावरच्या कमू आणि पुष्पा. सरांच्या घराचं अंगण मोठं होतं. मांडव घातला, ताडपत्री अंथरली, काम सुरू झालं.

त्या बायकांचे हात मी विसरणार नाही. वाळू सुपात पसरायची, अंगठ्याने ओळ काढायची, आणि ओळीतला एकेक शिंपला, एकेक शंख उचलून ताटलीत टाकायचा. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा शंख राहीच्या बोटातून सुटायचा नाही. सरांनी लॅटिन नावांचा तक्ता लावला होता. बायकांनी आपली नावं ठेवली. उंदराचा दात. नथ. टोपीवाला. लांबट, निमुळता एक शंख होता, त्याला पुष्पाने नाव दिलं तलाठी.

"तलाठी का गं?" मी विचारलं.

"बघ ना. आतून पोकळ, नि पुढं टोक."

राही एवढी हसली की ताटली सांडली, आणि मग सगळे शिंपले पुन्हा वेचावे लागले.

दोन्ही वाळूंच्या आठ पिशव्या एप्रिल संपायच्या आत झाल्या. भरड वाळूत शिंपले-शंख मिळून नऊशेच्या वर, बारीक वाळूत त्याच्या निम्मे. सर खूश. मग चिखल काढला.

चिखल वेचायचा तर आधी धुवावा लागतो. बारीक चाळणीत घ्यायचा आणि पाणी ओतत राहायचं, गाळ निघून गेला की जे उरतं ते वेचायचं. एका पिशवीला पंधरा-वीस हंडे पाणी. आणि महिना मे. जव्हारला नळ एक दिवसाआड, अर्धा तास. वर आमच्या सूर्यमाळला तर बायका झऱ्याच्या खड्ड्याशी वाटीने पाणी भरत होत्या, हंडा भरायला तास. अशा दिवसांत मी सरांच्या अंगणात चिखलावर दोन हंडे ओतले आणि पलीकडची बाई कुंपणावरून ओरडली, "अरे, लोकांना प्यायला नाही, आणि तू घाण धुतोस?" तिचं काय चुकलं?

मी एसटीडीवरून सरांना फोन लावला. "सर, पाणी नाही."

"जगन, वीस तारखेला अहवाल द्यायचा आहे. काहीतरी कर."

काहीतरी कर. साहेब माणसाने एवढं म्हटलं की त्याचं काम झालं.

मी काहीतरी केलं. बायकांना सांगितलं, चिखल उन्हात वाळवा, ढेकळं मोगरीने फोडा, आणि पाखडा. नागली करतात तशी. कमू म्हणाली, "मंग आधी नाय सांगायचं?" राहीने सूप हातात घेऊन एकदा माझ्याकडे बघितलं. "सरांना चालंल का?"

"चालेल," मी म्हटलं. सरांना विचारलं नव्हतं.

दुपारचं वारं सुटलं की तिघी उभ्या राहायच्या. सूप वर, खाली, वर. काळी धूळ, वाळकी पानं, काड्या उडून जायच्या, जड ते सुपात राहायचं. चार पिशव्या दोन दिवसांत संपल्या. सुपात उरले अकरा. चार ठिकाणं मिळून अकरा शिंपले, सगळे जाड पाठीचे. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, सही केली. मनात म्हटलं, बरं झालं, लवकर आटपलं.

मला चंद्रकला आठवली नाही. चार दिवस एकदाही आठवली नाही. ज्या चिखलातले बारा शिंपले मी खाल्ले, त्याच चिखलात अकरा आहेत असं मी लिहिलं, आणि माझा हात अडला नाही.

तेरा तारखेला बायका हिशेबाच्या चिठ्ठ्या घ्यायला आल्या. राही अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहिली. तिथून हाक मारली, "जग्या, हिकडं ये. या कोंबड्या काय टिपतात बघ."

पलीकडच्या बाईच्या सहा-सात कोंबड्या कुंपणाखालून घुसल्या होत्या. पाखडलेली धूळ जिथे पडली होती तिथेच सगळ्या. दाणा टिपावा तसं टिपत होत्या. राहीने त्यांना हाकललं, खाली बसली, धुळीत बोट फिरवलं आणि तळहात माझ्यापुढे धरला. तळहातावर पांढरे पापुद्रे. तान्ह्या मुलाच्या नखाएवढे, तसेच पातळ, आरपार उजेड दिसेल असे. निम्मे फुटलेले, निम्मे अख्खे. शिंपले.

"पाखडताना उडाले," ती म्हणाली. "मोगरीखाली फुटले ते येगळेच. हलकं होतं ते सगळं गेलं रे. आपण कोंडा ठिवला नि दाणा फेकला."

मी धुळीचा ढीग हाताने उकरला. चार दिवस कोंबड्यांनी खाल्लेला, वाऱ्याने नेलेला ढीग, त्यातही एका ओंजळीत वीस-पंचवीस. वाळूतला शिंपला जाड, म्हणून तो आमच्या कुठल्याही पद्धतीतून वाचला असता. चिखलातला पातळ, कारण चिखल मऊ असतो, तिथे जाड कवच करून काय उपयोग. सरांनीच हे शिकवलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर आले. सोबत कॉम्प्युटर, अहवाल टाइप करायला. रजिस्टर चाळलं, चिखलाच्या पानावर थांबले. "अकरा? म्हणजे चिखल जवळजवळ मृत आहे. छान."

छान. मी तो शब्द ऐकला आणि सगळं सांगून टाकलं. पाणी, मोगरी, सूप, कोंबड्या.

सरांचा चेहरा पडला. मग चष्मा काढून म्हणाले, "तुला अक्कल आहे का? सूप? नमुना सुपात पाखडतात?"

"पाणी नव्हतं, सर."

"या बायका अडाणी आहेत, मान्य. पण तू?"

"राखीव पिशव्या आहेत, सर. चिखलाच्या चारही आहेत. आठ दिवसांत धुऊन देतो."

"आठ दिवस कुठले आहेत? सहा आहेत. आणि पाणी कुठलं आणशील?" त्यांनी रजिस्टर मिटलं. "जाऊ दे. त्या राखीव पिशव्या खोलीत घाण मारतायत. फेकून दे त्या."

मी पिशव्या उचलल्या. फेकल्या नाहीत.

राहीच्या दाभोशाला नदी आहे. मे महिन्यात धार बारीक होते, पण डोह राहतात. मी चारही पिशव्या आणि सरांची बारीक चाळणी घेऊन जीपवर गेलो. जीपवाला पोश्या माझ्या शाळेतला. टपावर पिशव्या चढवताना म्हणाला, "काय रे, मेलेलं जनावर भरलंस का?"

"समुद्र आहे."

"मंग समुद्राचं अर्धं तिकीट लावतो. बसून नाय जायाचा, वरून जायाचा."

राही आणि पुष्पा डोहाशी आल्या. कमू आली नाही. तिचा मुलगा सरांच्या ओळखीने वसतिगृहात लागणार होता. तिने निरोप पाठवला की अंगात ताप आहे. तिला ताप नव्हता. आम्ही कुणी तिला काही म्हटलंही नाही.

दोन दिवस आम्ही डोहात उभे राहून चिखल धुतला. एका वेळी एकच पिशवी, तिचा माल आटपून डबीत गेला की पुढची. चाळणी पाण्यात बुडवायची, हलक्या हाताने फिरवायची. काळं पाणी वाहून जायचं आणि जाळीवर ते उरायचे, गुलाबी, दुधी, काही जांभळट कडेचे. मोगरी नाही, वारं नाही, एकही फुटलेला नाही. किती तरी दोन्ही पाकळ्या मिटलेले, आत अजून मांस चिकटलेलं. राही म्हणाली, "मेलेला शिंपला तोंड उघडतो. हे जितेपणी आलेत." ती समुद्राला आयुष्यात गेलेली नव्हती.

चार पिशव्यांत सहाशे पासष्ट.

अठरा तारखेला मी आणि राही चारही डब्या घेऊन सरांपुढे उभे राहिलो. सरांनी पहिली डबी भिंगाखाली धरली आणि अर्ध्या मिनिटात वर बघितलं.

"हे कुठे धुतलंस?"

"दाभोशाला. नदीत."

"वाटलंच." त्यांनी चिमट्याने एक बारीक गोल गोगलगाय उचलली. "ही नदीची आहे. गोड्या पाण्याची. चाळणी तळाला टेकली की ह्या आत येतात. जगन, समुद्राच्या नमुन्यात नदी मिसळून आणलीस तू. हे मी कुठल्या तोंडाने दाखवू?"

खरंच होतं ते. आम्ही दोनदा चुकलो होतो.

राहीने विचारलं, "परात आहं का घरात?"

"कशाला?"

"द्या तं खरी."

तिने एक डबी परातीत ओतली आणि जमिनीवर बसली. सर खुर्चीत, मी भिंतीला. ती बोटाने बाजूला काढत गेली. "ही आमची. ही बी आमची, पोरं रश्श्यात टाकतात. हा समुद्राचा. हा समुद्राचा. ही आमची, लहान आहं म्हणून तुमाला येगळी वाटंल, पण तोंड बघा, गोल नि झाकणाचं." एक संपली की तिचे डबीत भरून दुसरी. पाऊण तासात चारही डब्यांतून सत्तावीस गोगलगायी एका बाजूला. सर खुर्चीतून उतरले, भिंग घेऊन तिच्याशेजारी उकिडवे बसले. सत्तावीस बघितल्या. मग उरलेल्या सहाशे अडतीसातले मूठभर बघितले, मग पुन्हा मूठभर. एकही चुकीचा सापडला नाही.

"बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. मला वाटलं, झालं काम.

"पण मला हे लिहिता येणार नाही."

"का?"

"कारण मग लिहावं लागेल की आधीचे चार नमुने मोगरीने ठेचले. कंपनीचा वकील विचारेल, मग वाळूचे कशावरून नीट केले? सगळं सर्वेक्षण रद्द होईल. जगन, समजून घे. वाळूच्या आकड्यांवर प्रवाळ वाचतंय. माझ्या अहवालामुळे त्यांना प्रवाळावर गाळ टाकता येणार नाही. हे छोटं काम नाही."

"मंग तो गाळ टाकणार कठं?" राहीने विचारलं.

सर भिंग पुसायला लागले.

"सर, कठं?"

"जिथे काही नाही असं अहवाल म्हणेल, तिथे."

"म्हंजे चिखलात."

"कुठेतरी टाकावाच लागतो, बाई."

राहीने परातीतले शिंपले शेवटच्या डबीत भरले, झाकण लावलं. "तुमी दोन पोरांतलं एक बुडवून एक वाचवलं. नि बुडवलं ते आमच्या हातानं."

सर उठले. आवाज चढला. "तुम्हाला काय कळतं यातलं? आकडा जगनने लिहिला, सही त्याची आहे. मी कुणाला काही खोटं सांगितलेलं नाही."

ते ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. आधी लाज होती, आता राग. सही माझी होती, हे खरंच होतं. म्हणजे तो चिखल मी मारला होता, आणि माझी सही पुढे करून सर हात धुऊन मोकळे होणार होते. त्यांच्याकडे हात धुण्यापुरतं पाणी होतं.

"सर, मग सही माझीच आहे तर ती खोडायचा हक्कही माझा."

"रजिस्टर माझं आहे," ते म्हणाले, आणि ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. डब्या आणि सत्तावीस गोगलगायी राहीने उचलल्या.

त्या दिवसापासून माझं काम सुटलं. वीस तारखेला अहवाल गेला. खाडीच्या चिखलात मृदुकाय प्राणी नगण्य, असं त्यात एक वाक्य आहे. मी ते पाहिलेलं नाही, पण माझं काम सुटायच्या आधीच सर ते टाइप करताना मोठ्याने म्हणत होते.

जूनच्या अकरा तारखेला तिकडे कोकणात धक्क्याच्या परवानगीची सुनावणी होती. ज्याला हरकत असेल त्याने लेखी द्यावी, असं पेपरात आलं होतं. मी मोखाड्याच्या बाजारातून फुलस्केप कागद आणि शाईचा डबा आणला आणि राहीच्या ओट्यावर बसून लिहिलं. पुष्पा होती. कमूला निरोप दिला होता. ती आली, ओट्याच्या खाली उभी राहिली.

"मी आंगठा नाय देणार," ती म्हणाली. "पोराचं हाय. तुमी रागवा नायतं काय पण करा."

"वर तं ये," राही म्हणाली. "चहा घे."

कमू वर आली नाही, पण गेलीही नाही.

मी वाचून दाखवलं. आम्ही खाली सह्या करणारे, अमुक कामावर होतो. चिखलाचे चार नमुने आमच्या हातून खराब झाले, राखीव चार धुतले, त्यात सहाशे अडतीस निघाले, ते सोबत जोडले आहेत, नदीच्या सत्तावीस गोगलगायी वेगळ्या बाटलीत आहेत. अहवालातला आकडा चुकीचा आहे. कामावरच्या बायकांच्या अडाणीपणामुळे नमुना पाखडला गेला.

"काय म्हणलास?" राहीने विचारलं.

"कुठे?"

"शेवटी. अडाणी कोण?"

तो शब्द सरांचा होता. मी तो माझ्या अक्षरात, माझ्या मनाने, कुणी न सांगता लिहिला होता.

"मना समुद्राचा शिंपला नि नदीची गोगलगाय येगळी करता आली," राही म्हणाली. "तुझ्या सराला भिंग लावून बघावं लागलं. अडाणी कोण ते लिव ना. पाखडा कोण म्हणालं?"

"मी."

"का म्हणालास?"

"पाणी नव्हतं."

"मंग तेच लिव. पाणी नव्हतं, जगननं सांगितलं, आमी पाखडलं. नि सर 'कायतरी कर' म्हणाले ते पण लिव."

"ते फोनवर म्हणाले. पुरावा नाही."

"तू ऐकलास ना?"

"ऐकलं."

"मंग लिव."

पुष्पाने तेवढ्यात अंगठा शाईत बुडवून ठेवला होता. ती तो हवेत धरून बसली होती. "लवकर करा रे, सुकतो."

मी ओळ खोडली. पण खोडलेला कागद कचेरीत नवीन कागदासारखा धरत नाहीत, बाजूला टाकायला त्यांना कारण मिळतं. म्हणून मी दुसरा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहायला बसलो. राही समोरून हलली नाही. दर ओळ झाली की ती मला थांबवायची आणि मोठ्याने वाचायला लावायची.